पू झाला म्हणजे रक्त खराब असतं का? पांढऱ्या पेशी जंतू ओळखतात तरी कशा?

तुमच्या प्रश्नात ‘रक्त खराब’ वाचलं आणि राहवलं नाही. मी नाशकात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि याच शब्दावरून घरात भाऊजींशी माझं वाजलेलं आहे.

छाटणीच्या दिवसांत निफाडला आमच्या नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, टाचेत बाभळीचा काटा मोडला. कुणाला बोलले नाहीत. मग टाच टम्म, ठणका, जांघेत अवधानाची गाठ, अंगात ताप. भाऊजी म्हणाले, “रक्त बिघडलंय,” आणि रक्तशुद्धीचं सिरप घेऊन आले. मी नानांना गाडीत घालून नाशकात आणलं, सॅम्पल काढलं. पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट 17,000 च्या वर. नॉर्मल 4,000 ते 11,000. स्लाइडवर जिकडेतिकडे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, केंद्रकाचे तीन-चार तुकडे धाग्याने जोडल्यासारखे. काही अगदी कोवळे, केंद्रक म्हणजे नुसती वाकडी पट्टी; हाडातल्या मज्जेने घाईघाईने बाहेर काढलेले. भाऊजींना मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. तर म्हणतात, “बघा वहिनी, किती घाण झालीय!”

अहो, ती घाण नाही, तोच बंदोबस्त! रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये इटलीत मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे खुपसले, तर सकाळी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. नानांच्या टाचेत वेगळं काय झालं?

आता ओळखण्याचं. पेशीला जंतूचं नावगाव कळत नाही. तिच्याकडे जन्मजात रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं, असतात, आणि जंतूंत असतात पण आपल्यात नसतात अशाच गोष्टी त्यांना लागतात. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात त्या गटातल्या जंतूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड टीएलआर-4 (टोल-लाइक रिसेप्टर) ला, शेपटीतलं फ्लॅजेलिन टीएलआर-5 ला. माणसात असे टीएलआर 10. हॉफमन यांनी 1996 मध्ये माशीत आणि बॉयटलर यांनी 1998 मध्ये उंदरात याचा छडा लावला. 2011 च्या नोबेलमध्ये दोघंही होते. रिसेप्टरला लागलं की पेशी सायटोकाइन, म्हणजे निरोप पोचवणारी प्रथिनं, सोडतात. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून लाली आणि सूज. मेंदूला निरोप जातो, म्हणून ताप. न्यूट्रोफिल जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः हीच मेलेली न्यूट्रोफिल. टी आणि बी पेशींचं प्रकरण वेगळं आणि लांबलचक, इथे नको.

नानांची टाच डॉक्टरांनी चिरली, काटा निघाला, अँटिबायोटिक दिलं, काउंट उतरला. सिरपची बाटली फडताळात तशीच होती, तरी भाऊजी आजही श्रेय तिलाच देतात. इम्युनिटी वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दलही विचारलंय तुम्ही. माझं मत कळलंच असेल.

हां, पू चांगलाच असतो असं मात्र समजू नका. लाली वर चढत असेल, ताप असेल तर थेट डॉक्टर गाठा. काटा-खिळा असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आहेच. आणि साखर तपासा. ती वाढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात, जखम चिघळते. नानांची मी त्याच वेळी तपासली. भाऊजींना कधीची सांगतेय, ते काही उपाशीपोटी यायला तयार नाहीत.