शेल गॅसची लाट आणि मुलीचं एक वर्ष

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला ती पात्र ठरली नाही. शेल गॅसने अमेरिकेची ऊर्जेची चिंता मिटवली, भारतातही तेच होणार. म्हणून तिला ड्रॉप देऊन पेट्रोलियम इंजिनिअरिंगच करायचं आम्ही ठरवलं आहे. ती भूगर्भशास्त्र म्हणते, पण त्यात काय भविष्य? – एक पालक, नाशिक रोड

उत्तर : गुणांपेक्षा मला ‘आम्ही ठरवलं आहे’ हे खटकलं. मुलीचं म्हणणं पत्रात एका ओळीत आलं, तेही लगेच खोडण्यासाठी. वर्ष तिचं जाणार आहे. मनाविरुद्ध ड्रॉप घेतलेली मुलं क्लासला जातात, पण पुस्तकात त्यांचं मन नसतं. आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या.

शेल गॅस म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू. अमेरिकेबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे. २०१७ पासून तो देश नैसर्गिक वायूचा निव्वळ निर्यातदार आहे. पण तिथे बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या वायूवर खासगी मालकी चालते, रॉयल्टी मिळते, म्हणून मालक ड्रिलिंगला राजी होतो. आपल्याकडे तो हक्क सरकारचा. एका विहिरीच्या फ्रॅकिंगला, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी सोडून खडक तडकवायला, दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, आणि वर्षभरातच उत्पादन निम्म्याहून खाली येतं, म्हणजे नव्या विहिरी खोदतच राहायचं. ओएनजीसीने २०११ मध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून वायू काढून दाखवला, २०१३ मध्ये धोरणही आलं, पण अमेरिकेसारखी लाट आली नाही. आपला फायदा झाला तो आयातीतून. अमेरिकेतला एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू, ‘गेल’ या सरकारी कंपनीने २०१८ मध्ये दाभोळला उतरवला. गरजेचा जवळपास निम्मा वायू आपण बाहेरून आणतो. विकणारे वाढले की आखातावरची भिस्त कमी होते. यातून नोकऱ्या येतात त्या टर्मिनल, पाइपलाइन आणि शहरातल्या गॅस वितरणात. तिथे मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअरही चालतात.

भूगर्भशास्त्राला भविष्य नाही, ही तर साफ चूक. शेलमध्ये विहीर घ्यायची की नाही, ते आधी भूगर्भतज्ज्ञच सांगतो. खडकात सेंद्रिय कार्बन साधारण दोन टक्क्यांच्या वर हवा, खडक पुरेसा तापलेला हवा आणि त्यात चिकणमाती कमी हवी. ती जास्त असली तर खडक नीट तडकत नाही. भेगा उघड्या राहाव्यात म्हणून भरलेली वाळू त्यात रुतते आणि वायूची वाट बुजते. हे न तपासता खोदलं तर पैसा मातीत गेला म्हणून समजा.

मार्ग सरळ आहे : बी.एस्सी., एम.एस्सी., मग गेट किंवा यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहेच. उद्या तिनेच पेट्रोलियम म्हटलं, तर तो अभ्यासक्रम पुण्यातही आहे. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड लागत नाही.

या आठवड्यात तिला भूगर्भशास्त्र विभाग असलेल्या कॉलेजात घेऊन जा. प्राध्यापकांशी मात्र तिला एकटीला बोलू द्या.