दोन गाण्यांमधला सांधा

दर आठवड्याला तासाभराचा गाण्यांचा कार्यक्रम करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांचे हे निवडक प्रश्न.

प्रश्न : माझ्याकडे कव्वाली, जॅझ, लोकगीतं, नाट्यगीतं, आफ्रिकन गिटार असं सगळं आहे. आवडीचं म्हणून सगळंच लावतो. ऐकणारे म्हणतात, गाणी छान असतात, पण कार्यक्रम विस्कळीत वाटतो. चुकतंय कुठे?

निवड चुकत नसावी, सांधे चुकत असावेत. भाषा बदलली किंवा पन्नास वर्षं मागे गेलो, तर ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. एकाच क्षणी सगळंच बदललं की तो बिचकतो. म्हणून शेजारच्या दोन गाण्यांत एक तरी धागा सामाईक ठेवा, बाकी हवं ते बदला.

बहुतेक जण विषयाचा धागा धरतात, आणि तोच सगळ्यांत लंगडा. पावसाची सलग पाच गाणी लावलीत, तर तिसऱ्यालाच पुढचं काय ते कळून चुकतं. त्यापेक्षा वाद्य धरा. कव्वालीतली हार्मोनियम आणि अर्जेंटिनाच्या टँगोमधलं बँडोनियन एकाच कुळातली. दोन्हींत भात्याची हवा धातूच्या बारीक पात्या थरथरवते. कव्वाली संपून टँगोचे पहिले स्वर आले की ताल, भाषा, खंड सगळं पालटतं, पण कानाला आवाज ओळखीचा लागतो. कर्नाटक व्हायोलिनवरून आयरिश फिडलवर जाणंही असंच. वाद्य तेच, फक्त धरायची आणि वाजवायची रीत निराळी.

दुसरा धागा लयीचा. पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गाण्यामागून १०० सहज खपतं. ११० आलं तर धड तीच लय नाही, धड नवी नाही, असं अवघडल्यासारखं होतं. ७० नंतर १४० मात्र बेमालूम बसतं, कारण ती दुगुनच.

तिसरा धागा पट्टीचा. पांढरी एकमधलं गाणं विरत असताना त्यावर काळी एकमधलं चढवलंत, तर दोन्ही गायक सुरात असूनही बेसूर वाटणार. अंतर अर्ध्या स्वराचं आहे. पांढरी एकवरून पांढरी चार किंवा पाचवर जाणं सुखाचं, कारण नातं सा-म, सा-प असं. पट्टी जुळत नसेल तर गाणी एकमेकांवर चढवू नका. मध्ये चार वाक्यं बोला, तेवढ्यात कानातला जुना षड्ज पुसला जातो.

आता तासाचा हिशेब. सरासरी चार मिनिटांची १२ गाणी म्हणजे ४८ मिनिटं. ती तीन-तीनच्या चार गुच्छांत बांधा. सुरुवातीला, गुच्छांच्या मध्ये आणि शेवटी असं पाचदा बोलायचं, प्रत्येक वेळी दीड मिनिट, ते साडेसात. शीर्षकधून दीड मिनिट. तीन मिनिटं हाताशी उरतात, आणि ती लागतातच. गुच्छाच्या आतला सांधा घट्ट हवा. गुच्छ बदलताना मोठी उडी खुशाल मारा, तिथे बोलण्याचा पूल आहे. तासात एखादा सांधा मुद्दाम मोडायलाही हरकत नाही. फक्त एकच.

प्रश्न : बावीस मिनिटांचा राग लावायचा मोह होतो. कापून लावावा का?

आलाप कापून थेट द्रुत गतीवर, म्हणजे जलद लयीतल्या बंदिशीवर, जाऊ नका; ती गत मग कशावर उभी राहिली ते कळत नाही. एक तर तो पूर्ण लावा आणि त्या दिवशी सातच गाणी घ्या, नाही तर छोटी रचना शोधा. जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्यामुळे तेवढ्यात राग मांडायची सवय असलेल्या गायकांची ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत. अगदीच कापायचं असेल, तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्या आणि मग आवाज उतरवा. समेच्या आधी उतरवलेला आवाज जिन्याची शेवटची पायरी काढून घेतल्यासारखा लागतो.

प्रश्न : सगळ्या गाण्यांचे उंच शेंडे सारख्या पातळीवर आणले, तरी नवी गाणी अंगावर येतात आणि जुनी ऐकूच येत नाहीत.

शेंडा म्हणजे एका क्षणाचा सर्वांत मोठा आवाज. कानाला जाणवतो तो सरासरी जोर. नव्या गाण्यांत कॉम्प्रेसर लावून सगळा आवाज शेंड्याजवळ दाबून बसवलेला असतो. जुन्यात तबल्याची थाप शेंडा गाठते आणि गळा बराच खाली राहतो. त्यामुळे मोजायचा तो जोर. त्याचं माप लफ्स (LUFS). युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण (ईबीयू आर १२८) उणे २३ लफ्स आहे. इंटरनेटवरच्या कार्यक्रमासाठी बरेच जण उणे १६ धरतात.

समजा, नवं गाणं उणे ८ भरलं आणि जुनं उणे १९. उणे १६ गाठायला नवं ८ डेसिबलने उतरवा, जुनं ३ ने चढवा. इथेच घात होतो. जुन्याचा शेंडा आधीच उणे १ वर असेल, तर ३ ने चढवल्यावर तो शून्याच्या वर जाऊन फाटतो. लिमिटर (शेंडा ठरलेल्या पातळीवर अडवणारं साधन) हलकासा लावा, किंवा सरळ सगळा कार्यक्रमच उणे १८ वर ठेवा. आमचा कौल दुसऱ्या उपायाला.

शेवटचा निवाडा कानाचाच. एकटी बासरी बँडच्या जोराला आणून ठेवलीत, तर ती बासरी कसली? तिला दोन-तीन डेसिबल खालीच राहू द्या.

प्रश्न : एक जुनं गाणं हेडफोनवर उत्तम वाजतं, पण फोनच्या स्पीकरवर गायिकेचा आवाजच गायब होतो, नुसती सतार उरते. फाइल खराब आहे का?

फाइल उलटी आहे, खराब नाही. डाव्या-उजव्यापैकी एका बाजूची ध्रुवता उलटलेली असणार. बहुधा तबकडीवरून उतरवताना सुईच्या कार्ट्रिजच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील. मधोमध ठेवलेला गळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एकच स्पीकर असला की दोन्ही बाजू एकत्र होतात, आणि एकीचा चढ दुसरीच्या उताराला खाऊन टाकतो. एका बाजूला ठेवलेली सतार मात्र वाचते. ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत एकच बाजू निवडून ‘इन्व्हर्ट’ करा, गळा परत येईल. प्रसारणापूर्वी प्रत्येक गाणं एकदा मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकायची सवय ठेवा.

तबकड्या स्वतः उतरवत असाल तर आणखी एक: ७८च्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) सुई त्याच्या तिसरा हिस्सा असते. ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली घाणच वाजवते.

प्रश्न : किती बोलावं? गाण्याचं नाव आधी सांगावं की नंतर?

शंभर-सव्वाशे शब्दांचं निवेदन साधारण एक मिनिट चालतं. गाण्यापूर्वी एकच गोष्ट सांगा, ज्याने कान कुठे लावायचा ते कळेल: ‘दुसऱ्या अंतऱ्यात मागचा ढोल थांबतो, तिथे लक्ष द्या.’ नाव, गायक, संगीतकार, वर्ष हे गुच्छ संपल्यावर, सावकाश. ऐकणारा नाव टिपून घेतो ते गाणं आवडल्यानंतर. सुरावटीवर बोलायचं असेल, तर गळा सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी थांबा. त्यासाठी प्रत्येक गाण्याचं आरंभसंगीत किती सेकंदांचं आहे ते यादीत लिहून ठेवा.

प्रश्न : ‘भ’ आणि ‘फ’ आले की माइकवर धप्पकन आवाज येतो.

महाप्राण अक्षरांचा झोत थेट माइकच्या आतल्या पडद्यावर आदळतो. तोंडापासून वीतभर अंतर आणि माइक समोर न ठेवता ओठांच्या कडेला, किंचित तिरका. वर ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावा.

प्रश्न : शेवटचं गाणं दर वेळी मध्येच तुटतं.

शेवटून मोजा. शेवटी गाण्याऐवजी वाद्यसंगीत घ्या. ते ४ मिनिटं २० सेकंदांचं असेल आणि ५९:३० ला संपायला हवं असेल, तर ५५:१० ला आवाज शून्यावर ठेवून सुरू करून टाका. बोलणं संपलं की आवाज चढवा. सुरुवातीचं थोडं कुणालाच ऐकू येणार नाही, शेवट मात्र नेमका वेळेवर येईल. गाण्याला ही युक्ती चालत नाही, मुखडाच हरवतो.

प्रश्न : श्रोत्यांकडून गाणी मागवली, तर तीच तीच दहा नावं येतात.

‘तुमचं आवडतं गाणं’ असं विचारलंत तर दुसरं काय येणार? प्रश्न अरुंद करा: ‘न कळणाऱ्या भाषेतलं, तरी पाठ असलेलं गाणं’, ‘गळा दोन मिनिटांनंतर सुरू होतो असं गाणं’. सोबत दोनच ओळी मागा, गाण्यात नेमकं कोणत्या ठिकाणी काय आवडतं. आणि प्रसारणापूर्वी परवाना पाहा. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. एकाची परवानगी दुसऱ्याला पुरत नाही.