घरच्या घरी दुरुस्ती : ड्रायर गुणगुणतो, पण फिरत नाही

पावसाळा आहे, म्हणून या वेळचे सगळे प्रश्न ड्रायरचे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या छोट्या टबाला आपण ड्रायर म्हणतो त्यात हीटर नसतो. मिनिटाला साधारण १,३०० ते १,४०० फेरे घेऊन तो कपडे पिळतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे रचनाही साधी आहे : एक मोटर, कपॅसिटर, ब्रेक, झाकणाचा स्विच, पाच मिनिटांचा टायमर आणि एक रबरी सील. शेवटचा प्रश्न तेवढा गरम हवेच्या ड्रायरचा आहे.

प्रश्न : झाकण लावून टायमर फिरवला की ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो, पण टब जागचा हलत नाही. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली. मशीन सहा वर्षांचं आहे. मोटर बदलू का? (वाचक, सांगली)

उत्तर : इतक्यात नको. आवाज येतोय म्हणजे टायमर आणि झाकणाचा स्विच ओलांडून वीज मोटरपर्यंत पोचते आहे. आता एकतर टब कुठेतरी अडकलाय, नाहीतर मोटरला सुरुवातीचा जोर मिळत नाहीये. टब अडकवणाऱ्या गोष्टी तीन : न सुटलेला ब्रेक, दोन टबांच्या फटीत गेलेला मोजा किंवा रुमाल, आणि गंजून धरलेला बुश (टबाचा दांडा ज्यात फिरतो ते कडं). जोर न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा कपॅसिटर. मोटर जळालेली निघतेही, पण तिचा नंबर शेवटचा.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही; जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि मग बटण बंद असतानाही मशीनमध्ये फेज असतो. मागचं पॅनल काढलंत की दोन मोटरी दिसतील. ड्रायर समोरून उजवीकडे असेल तर मागून त्याची मोटर डाव्या हाताला येते. तीन स्प्रिंगांवर बसलेली, वर चपटं चाक असलेली ती ड्रायरची. ते चाक म्हणजे ब्रेकचा ड्रम.

आता टब हातानं फिरवून पाहायचा आहे आणि इथेच बरेचजण फसतात. झाकण उघडलं की ब्रेक लागतो, म्हणून उघड्या झाकणाचा टब घट्ट लागणारच. ब्रेकची पट्टी मागून ड्रमपासून दूर ओढून धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी टब फिरवायला सांगा. निरोगी टब हलक्या धक्क्यानं एक-दोन फेरे सहज जातो.

पट्टी हातानं ओढल्यावर टब मोकळा फिरतो, पण झाकण बंद केल्यावर पट्टी ड्रमला चिकटूनच राहते, असं दिसलं तर दोष ब्रेकच्या वायरचा. ही सायकलच्या ब्रेकसारखी वायर झाकणापासून खाली येते. झाकण बंद झालं की ती पट्टी ओढते आणि ब्रेक सुटतो. वायर ताणून लांब झाली किंवा टोकाचा प्लास्टिकचा हूक तुटला की ब्रेक सुटत नाही. मोटर ब्रेकशी झगडत राहते आणि रबर जळल्याचा वास येतो. बहुतेक मशीनमध्ये वायरच्या टोकाला दोन-तीन खाचा असतात, त्यातली पुढची खाच घ्या. झाकण बंद असताना पट्टी आणि ड्रम यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट स्पष्ट दिसायला हवी. पण वायर फार आखडूही नका, नाहीतर झाकण उघडल्यावर ब्रेक लागणार नाही.

पट्टी ओढूनही टब जड जात असेल तर टॉर्च मारून दोन टबांमधल्या फटीत पाहा. काही अडकलेलं नसेल तर बुश धरलाय. त्यासाठी पुढचं लातूरच्या वाचकांना दिलेलं उत्तर पाहा.

टब मोकळा आहे आणि तरीही मोटर नुसती गुणगुणते, तेव्हा कपॅसिटर तपासा. हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद टेकवून साठलेली वीज उतरवा. पुष्कळ मशीनमध्ये धुण्याचा आणि पिळण्याचा कपॅसिटर एकाच डबीत असतो. डबीवर ‘१० + ५’ असं काही छापलेलं दिसेल : मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा, लहान ड्रायरचा. कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर असेल तर छापील आकड्याशी ताडून पाहा. ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४.५च्या खाली गेला असेल तर बदला. ३ दाखवत असेल तर तुमच्या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं. डबी फुगली असेल किंवा तिच्यातून डिंकासारखं काही गळलं असेल, तर मोजायचीही गरज नाही.

नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा आणि व्होल्टेज ४४० किंवा त्याहून जास्त बघा. दुकानदार कधी कधी ‘मोठा टाका, जोरात फिरेल’ म्हणतात. ऐकू नका. मोठ्या कपॅसिटरनं मोटर तापते आणि खरोखर जळते. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, कारण वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. सांधे नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका. खाली सतत ओल असते. क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) किंवा डाग देऊन वर स्लीव्ह चढवा.

कपॅसिटरही चांगला निघाला तरच मोटर मोजा. ड्रायरच्या मोटरला सहसा तीन वायर असतात. कपॅसिटर सुटा करून दोन-दोनच्या तीन जोड्यांचा रेझिस्टन्स घ्या. सर्वांत मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा : समजा ८० आणि ११० ओहम असतील तर तिसरा १९०. एखादी जोडी उघडी दाखवत असेल, म्हणजे तार आत तुटल्यासारखी मीटर आकडाच देत नसेल, तर थोडं थांबा. बरीच गुणगुणून मोटर तापली असेल तर आतलं थर्मल प्रोटेक्टर, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा भाग, सुटलेलं असतं. पाऊण तासानं पुन्हा मोजा. तरीही उघडी, किंवा कोणतीही वायर मोटरच्या लोखंडाशी जोडलेली दाखवते, तर मेकॅनिक बरोबर होता. नवी मोटर घेताना तांब्याच्या वाइंडिंगची मागा आणि शाफ्टची (फिरणाऱ्या दांड्याची) जाडी जुनीशी जुळवून घ्या.

प्रश्न : ड्रायर एकदम गप्प झाला होता. मेकॅनिकनं झाकणाचा स्विच ‘डायरेक्ट’ करून दिला. आता चालतो, पण झाकण उघडलं तरी मोटर चालूच राहते. असं ठेवलं तर चालेल? (वाचक, चिपळूण)

उत्तर : अजिबात नाही. आजच मशीन वापरणं थांबवा. झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो आणि इकडे मोटर चालू, म्हणजे मोटर आणि ब्रेक दोघेही जळणार. ते नुकसान पैशाचं आहे. त्याहून वाईट हे की मिनिटाला हजारावर फेरे घेणाऱ्या टबात लोंबणाऱ्या ओल्या साडीचं किंवा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं, तर हात बाहेर काढायला वेळच मिळत नाही. घरात लहान मूल असेल तर याबाबत तडजोड करूच नका.

स्विच हा तसा स्वस्त भाग आहे आणि बदलायला अर्धा तास पुरतो. तो वरच्या पॅनलखाली, झाकणाच्या बिजागरीजवळ असतो. वायर काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा : झाकण बंद केल्यावर बीप, उघडल्यावर शांतता. बंद करूनही बीप नसेल तर आधी दट्ट्या झाकणाला नीट टेकतोय का बघा, कारण कधी स्विच ठीक असतो आणि झाकणाचा प्लास्टिकचा दात मोडलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत स्विचच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. पॉलिश पेपरनं घासून तो तात्पुरता चालतो, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच, नवाच घाला.

नव्या स्विचनंतरही ड्रायर गप्पच राहिला तर टायमरचे संपर्क त्याच पद्धतीनं तपासा. आणि खाली वाकून वायर बघायला विसरू नका. मशीनचा तळ बहुधा उघडाच असतो आणि उंदीर तिथून आत शिरून वायर कुरतडतात. तळाला बारीक जाळी लावून घ्या. दुरुस्तीनंतरची परीक्षा एकच : रिकामा टब पूर्ण वेगात असताना झाकण उघडा, मोटर लगेच बंद होऊन टब पंधरा सेकंदांच्या आत थांबला पाहिजे.

प्रश्न : ड्रायर चालू असताना मशीनखाली पाणी साचतं. परवा मशीनला ओला हात लागला तेव्हा झिणझिण्या आल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (वाचक, लातूर)

उत्तर : झिणझिण्या आल्या म्हणजे पाणी मोटरपर्यंत गेलंय, आणि तुमच्या सॉकेटचं अर्थिंगही काम करत नसावं. दोन्ही सुधारेपर्यंत प्लग लावू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या : फेज आणि अर्थ यांत २३०च्या आसपास व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांत जेमतेम दोन-चार. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवा. बाथरूममधल्या मशीनसाठी यापेक्षा मोलाचा खर्च नाही.

गळतीचं मूळ सीलमध्ये आहे. बाहेरच्या टबाच्या तळातून ड्रायरचा शाफ्ट खाली जातो. तिथे घड्या असलेलं रबरी सील आणि त्याच्या मधोमध बुश असतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि साबण सीलच्या कडेवर जमून खडबडीत होतात, शाफ्ट गंजतो, आणि दर फेऱ्याला रबर घासलं जातं. मशीन बरेच महिने बंद पडून राहिलं तरी रबर कडक होऊन चिरतं.

सील बदलायला मागून कपलिंग, म्हणजे मोटर आणि टबाचा शाफ्ट यांचा सांधा, गाठा. त्यावर वर एक आणि खाली एक असे बोल्ट असतात, बहुतेकदा १० नंबरच्या पान्याचे. वरचा टबाच्या शाफ्टचा, तोच सोडवायचा. आधी लॉकनट, मग बोल्ट. टब सरळ वर ओढा. गंजानं धरला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी थोडा थोडा उलटसुलट फिरवत काढा. खालून हातोडी मारू नका, ब्रेकचा ड्रम तडकतो.

जुनं सील दुकानात घेऊनच जा, मापं मशीनगणिक वेगळी असतात. बसण्याची जागा लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं घासून क्षार काढा. शाफ्टवरून नख फिरवून बघा : नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरे, पण नख अडकेल अशी खाच पडली असेल तर शाफ्टही बदला. नाहीतर नवं सील काही आठवड्यांत फाटेल. बुशमध्ये पाण्यानं न धुपणारं ग्रीस भरा. टब परत बसवताना बोल्टचं टोक शाफ्टवरच्या खळग्यात नेमकं बसू द्या. चुकलं तर मोटर फिरते आणि टब मागे राहतो.

आता वीज न लावता परीक्षा. पाण्याचा पाइप उंच बांधा, टबात अर्धी बादली पाणी ओता, मशीनखाली वर्तमानपत्र पसरा आणि पंधरा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर काम झालं. मोटर भिजली होती, म्हणून तिला दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या आणि प्लग लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) इन्सुलेशन तपासून घ्या.

प्रश्न : ड्रायर लावला की मशीन धडधडत जागेवरून सरकतं आणि कपडेही ओलेच निघतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी पाइप बघा. सेमी-ऑटोमॅटिकचं पाणी उताराच्या जोरावर जातं, वर चढवणारा पंप सहसा नसतो. पाइप बादलीच्या काठावर टांगला किंवा दुमडला की पाणी बाहेरच्या टबात तुंबतं, फिरणारा टब त्या पाण्यात घासत राहतो आणि वेगच घेत नाही. पाइप जमिनीला टेकवा.

धडधड बहुधा कपडे भरण्याच्या पद्धतीमुळे होते. जड कपडे खाली, कडेनं गोल पसरून. वर जाळीदार चकती दाबून बसवा. ती हरवली असेल तर नवी आणा. एकटी चादर किंवा एकटी जीन्स पिळायची असेल तर सोबत दोन टॉवेल टाका. बाथरूमला उतार असतोच, म्हणून पायांखाली रबराचे तुकडे देऊन मशीन समपातळीत आणा. एवढं करून रिकामा टबही डगमगत असेल, तर मोटरखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एखादी तुटली आहे. तिन्ही एकदम बदला, कारण एकच नवी घातली तर मोटर तिरकी बसते.

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक ड्रायरचा ड्रम नीट फिरतो, पण हवा गारच येते. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : अमेरिकेतल्या अशा ड्रायरची मोटर १२० व्होल्टवर चालते आणि हीटर २४० वर. त्यामुळे दोनपैकी एक फेज गेला तरी ड्रम फिरत राहतो आणि हवा गार येते. पॅनलमधला ३० अँपिअरचा जोड-ब्रेकर (दोन्ही फेजसाठीचा जोडलेला ब्रेकर) पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. अर्धा पडलेला ब्रेकर नुसता बघून ओळखू येत नाही.

फरक पडला नाही तर प्लग काढून हीटरच्या पेटीवरचं थर्मल कट-ऑफ, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा भाग, तपासा. चांगलं असेल तर मल्टिमीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो. हीटरची तार साधारण १० ओहमच्या आसपास हवी आणि तिचं कोणतंही टोक पेटीच्या पत्र्याशी जोडलेलं दिसता कामा नये. कट-ऑफ उडालेलं निघालं तर तिथे वायर जोडून काम भागवू नका, त्यातून आगी लागतात. ते बदला, सोबतचा हाय-लिमिट थर्मोस्टॅटही (हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापू न देणारा स्विच) बदला, आणि ते उडालं कशानं ते शोधा. बहुतेक वेळा हवा बाहेर नेणारा ४ इंची नळ कपड्यांच्या तुसानं भरलेला असतो. ड्रायर मागे सरकवून नळ सोडवा, लांब ब्रशनं भिंतीपर्यंत साफ करा आणि बाहेरची झडप हवेनं उघडते का बघा. पन्नीचा किंवा प्लास्टिकचा लवचीक नळ असेल तर तो काढून धातूचा कडक नळ बसवा, शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा. ड्रायर गॅसचा असेल तर नळ आणि तुसाची जाळी एवढंच स्वतः साफ करा; बर्नरचं काम जाणकाराकडे द्या.