कूपनं येतात, पण घर खरंच बदललं तर

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज टाकला की मोठ्या दुकानांची डिस्काउंट कूपनं घरी येतात असं ऐकलंय. खरं आहे का? आणि घर बदलायचं नसताना नुसता अर्ज टाकला तर?"

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, आणि ते जरा ठणकावूनच सांगतो. ही युक्ती मलाही एका गणपतीच्या पॉटलकमध्ये, मोदकाची डिश हातात असताना, फार आत्मविश्वासाने सांगण्यात आली होती. सांगणाऱ्याने स्वतः करून पाहिली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आधी येतं काय ते सांगतो. आम्ही २०१९ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भाड्याच्या अपार्टमेंटमधून वीस मिनिटांवरच्या टाउनहाउसमध्ये गेलो. यूएसपीएसच्या, म्हणजे अमेरिकी पोस्टाच्या, साइटवर पत्ता बदलाचा अर्ज भरला, साधारण आठवड्याने नव्या घरी एक जाडसर लिफाफा आला. जाहिरात समजून मी तो पिझ्झाच्या पत्रकांबरोबर रिसायकलच्या डब्यात टाकला. बायकोने परत काढला, कारण तिला त्यावर पोस्टाचं गरुडाचं चिन्ह दिसलं. आत वरच्या कागदावर आमचं नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, टपाल वळवायला सुरुवात होण्याची तारीख आणि एक कन्फर्मेशन नंबर. त्यामागे कूपनांची चळत: इंटरनेटवाले, फर्निचरवाले, आणि ज्याच्यासाठी लोक त्या लिफाफ्याची वाट बघतात ते लोज या घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानाचं दहा टक्क्यांचं कूपन.

आम्हाला फ्रिज घ्यायचाच होता. १,४०० डॉलरच्या फ्रिजवर १४० डॉलर सुटले. कूपन दुकानाचंच असल्याने टॅक्स कमी झालेल्या किमतीवर लागला. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे तिथेही नऊ डॉलर वाचले. बिलावर ती ओळ वजा चिन्हासह छापून आलेली बघताना मला जो आनंद झाला, तो मंडईत शेवटी फुकटची कोथिंबीर मिळाल्यावर आईला व्हायचा तसलाच होता.

फक्त दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ते कूपन एकदाच चालतं, त्यावरचा बारकोड वापरला की संपला. त्यामुळे आधी बल्ब आणि पडद्याच्या दांड्या घेऊन ते खर्ची घालू नका, सगळ्यात मोठ्या खरेदीसाठी ठेवा. दुसरं म्हणजे मागे बारीक अक्षरात अपवादांची लांबलचक यादी असते. गिफ्ट कार्ड त्यात बसत नाही, काही ब्रँड बसत नाहीत, शिवाय मुदत असते. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा घरी चष्मा लावून वाचलेलं बरं.

आता हे सगळं पोस्ट का करतं? आपल्याकडे पोस्टमनकाकांना दिवाळीची पोस्त देताना "आम्ही आता सुतार आळीत राहायला गेलोय हो" म्हटलं की काम व्हायचं. इथे दर वर्षी कोट्यवधी लोक घर बदलतात. १९९० च्या दशकात पोस्टाने मॅसॅच्युसेट्समधल्या इमॅजिटास नावाच्या खासगी कंपनीशी करार केला. पत्ता बदलाचं साहित्य कंपनीने छापायचं, त्या बदल्यात त्यात जाहिराती घालायच्या. म्हणजे पोस्टाचा छपाईचा खर्च वाचला आणि दुकानांना नेमकं ते गिऱ्हाईक मिळालं ज्याच्या घरात पडदेसुद्धा नाहीत. ही कंपनी २००५ मध्ये पिटनी बोझने घेतली, २०१५ मध्ये ती रेड व्हेंचर्सकडे गेली आणि आता मायमूव्ह या नावाने ओळखली जाते. तेव्हा तुमच्या हातात पडणारं कूपन ही सरकारी भेट नाही. घर बदलल्यावर पहिल्या काही महिन्यांत माणूस एरवीपेक्षा हात सैल सोडून खर्च करतो, हे ओळखून टाकलेला तो गळ आहे. गळाला लागायला माझी हरकत नाही, फ्रिज तर घ्यायचाच होता. पण त्या चळतीतल्या बाकी कूपनांपायी आम्ही एक बागेची खुर्ची घेतली. ती अजून गॅरेजमध्ये घडी घालून उभी आहे.

खरा मुद्दा वेगळाच आहे. त्या अर्जाने कूपन येतं ते जाता जाता. अर्जाचं मूळ काम तुमचं टपाल वळवणं, आणि ते नीट झालं नाही तर १४० डॉलर कुठल्या कुठे जातात. आमचं काय झालं ते ऐका.

अर्जात 'व्यक्ती' आणि 'कुटुंब' असे पर्याय असतात. मी 'कुटुंब' निवडलं आणि चौघांचं काम झालं म्हणून लॅपटॉप मिटला. पण इथे कुटुंब म्हणजे एक आडनाव! एका आडनावाच्या सगळ्यांचं टपाल वळतं, दुसऱ्या आडनावाच्या माणसासाठी वेगळा अर्ज लागतो. बायकोने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. माझी आणि मुलांची पाकिटं नव्या घरी येत होती, प्रत्येकावर पत्ता झाकणारं ते पिवळं स्टिकर. तिची सगळी जुन्या अपार्टमेंटमध्ये साठत होती. अडीच महिन्यांनी तिथे राहायला आलेल्या तेलुगू मुलाने एका किराणा दुकानात मला ओळखलं आणि "अंकल, आंटीची बरीच पत्रं आहेत" म्हणाला. त्यात तिचं दातांच्या इन्शुरन्सचं कार्ड होतं, जे पुन्हा मागवून पुन्हा त्याच पत्त्यावर गेलं होतं. मुलगा गुणी म्हणून रबरबँड लावून ठेवलं होतं सगळं. तुमच्या घरात दोन आडनावं असतील तर दोन अर्ज भरा. कूपनांचे लिफाफेही मग दोन येऊ शकतात, आणि ते अगदी हक्काचे असतील.

वळतं काय आणि वळत नाही काय, हेही आपल्या लोकांना फार उशिरा कळतं. फर्स्ट क्लासचं, म्हणजे साध्या पत्रांचं आणि बिलांचं, टपाल बारा महिने वळतं. मासिकं, साप्ताहिकं फक्त साठ दिवस. जाहिरातींचं स्वस्त दराचं टपाल सहसा वळतच नाही, आणि तुमच्या महाराष्ट्र मंडळाचं पत्रक जर त्या दराने येत असेल तर तेही नाही. कोजागिरीचं निमंत्रण आलं नाही म्हणून कुणावर रुसण्याआधी मंडळाला नवा पत्ता कळवला होता का ते आठवा.

सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर: इमिग्रेशनला पोस्टाचा अर्ज कळत नाही. त्यांना घर बदलल्यापासून दहा दिवसांत वेगळं कळवावं लागतं, त्या फॉर्मचं नाव एआर-११. अर्ज प्रलंबित असेल तर त्या केसवरचा पत्ताही बदलून घ्या. त्यांच्याकडून येणारी कार्डं पोस्ट पुढे पाठवत नाही, परत पाठवतं. ग्रीन कार्डाची अकरा वर्षं वाट बघून ते कार्ड जुन्या पत्त्यावरून परत गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्यासमोर कूपन हा शब्द काढायची माझी हिंमत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. घर न बदलता अर्ज टाकण्याच्या दोन तऱ्हा मी ऐकल्या आहेत. एक म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःच्याच पत्त्यावर, फक्त अपार्टमेंटचा नंबर जरा वेगळा लिहून. दुसरी म्हणजे भावाच्या घरी तात्पुरतं 'स्थलांतर' दाखवून. अर्जाच्या कागदावरच, म्हणजे पीएस फॉर्म ३५७५ वर, इशारा छापलेला असतो की खोटी माहिती दिल्यास केंद्रीय कायद्याखाली दंड किंवा कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दहा टक्क्यांच्या कूपनासाठी कुणी तुम्हाला बेड्या घालायला येईल असं मी म्हणत नाही. पण व्हिसावरच्या माणसाने सरकारी फॉर्मवर खोटं लिहून खाली सही करावी, आणि तेही फ्रिजसाठी?

शिवाय त्रास होतो तो आधी तुम्हालाच. अर्ज लागू झाला की यंत्र प्रामाणिकपणे तुमचं सगळं टपाल भावाच्या घरी पाठवायला लागतं. काही बँकांच्या पाकिटांवर 'पुढे पाठवू नका' असं छापलेलं असतं, ती परत जातात. मग बँक घाबरते आणि कार्ड थांबवते. अर्ज रद्द करता येतो, पण वळलेली पाकिटं वाटेतून मागे फिरत नाहीत. पत्ता बदलाचे खोटे अर्ज टाकून दुसऱ्यांची क्रेडिट कार्डं पळवणाऱ्यांमुळे पोस्टानेही पडताळणी कडक केली आहे. ऑनलाइन अर्जाला ओळख पटवण्यापुरती डॉलर-सव्वा डॉलरची फी कार्डावर घेतात, आणि त्या कार्डाचा बिलिंग पत्ता जुन्या किंवा नव्या पत्त्याशी जुळावा लागतो. पोस्टात जाऊन कागदावर अर्ज दिलात तर फी नाही, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. जुन्या पत्त्यावरही "असा अर्ज आला आहे" असं पत्र जातं.

फीवरून आठवलं. गुगलवर शोधलंत तर वर दिसणाऱ्या काही साइट हेच काम करून देण्याचे चाळीस, ऐंशी डॉलर घेतात आणि दिसतात अगदी सरकारी. मागच्या उन्हाळ्यात नुकत्याच आलेल्या भाच्याने असेच पैसे घालवले, आणि अर्ज शेवटी पोस्टापर्यंत पोचलाच नाही. पत्त्याच्या शेवटी यूएसपीएस डॉट कॉम आहे ना, तेवढं बघा.

घर न बदलता कूपनच हवं असेल तर सरळ मार्ग आहेत. दुकानाच्या मेलिंग लिस्टवर नाव नोंदवा. त्यासाठी एक वेगळा ईमेल काढा, नाहीतर रोज सकाळी झोपेतून उठून आधी गवत कापायच्या यंत्रांच्या जाहिराती पुसाल. मोठी खरेदी असेल तर मेअखेरच्या मेमोरियल डे किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सेलपर्यंत थांबा, फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर तेव्हा दहा टक्क्यांपेक्षा जास्तही सुटतात. आणि कूपनं जपून फार साठवू नका. बेड बाथ अँड बियाँड या घरगुती सामानाच्या दुकानाची ती निळी वीस टक्क्यांची कूपनं आमच्या स्वयंपाकघराच्या खणात गठ्ठ्याने होती. कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच आठवड्यात कूपनं घेणं बंद केलं. गठ्ठा तसाच रद्दीत गेला.

एक गोष्ट मात्र खरंच फुकट आहे. आमच्या टाउनहाउसच्या आधीच्या मालकांच्या नावाने अजून जाहिराती येतात. दुसऱ्याच्या नावाचं टपाल उघडायचं नाही, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण ज्यावर नावाखाली 'किंवा सध्याचे रहिवासी' असं छापलेलं असतं ते आपलंच. गेल्या शुक्रवारची पिझ्झ्यावरची पाच डॉलरची सूट त्या आजोबांच्या नावाने आली होती. ते स्वतः म्हणे फ्लोरिडात असतात.