खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली एचआयव्हीची औषधे परवडत नसल्यास आर्थिक मदत कुठे मिळेल?

आपण महाराष्ट्रात राहत असाल, तर औषधांसाठी पैसे उभे करण्याआधी शासकीय एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात) नाव नोंदवावे, कारण नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) कार्यक्रमात ही औषधे २००४ पासून मोफत दिली जातात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांच्या व जिल्हा रुग्णालयांत असतात; जवळचे केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते. जाताना तपासणीचा अहवाल, सध्याची औषधचिठ्ठी आणि ओळखीचा व पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा. सरकारी गोळ्या दुय्यम असतात हा समज निराधार आहे: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची दिवसातून एकदा घ्यायची एकत्रित गोळी हाच तिथला नेहमीचा पहिला उपचार असून सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) व व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) या तपासण्याही मोफत होतात. मात्र नोंदणी होऊन गोळ्या हाती पडेपर्यंत सध्याचे औषध एक दिवसही थांबवू नये. ओळख फुटण्याची धास्ती अनेकांना असते, परंतु २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे.

प्रवास आणि आहाराचा खर्चही जड जात असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. तिला मात्र उत्पन्नाची मर्यादा असून अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांबाबत एआरटी केंद्रातील समुपदेशकांनाच विचारावे.