लेकराला चार दिवस ठेवून घेऊन मानसिक उपचार मराठवाड्यात कुठे होतात? गावात कळेल का?

तुमची पुतणी पंधराची, ‘जगायचंच नाही’ म्हणते, आणि तुम्हाला काळजी गावात कळायची. तो दुसरा प्रश्न वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

आमची लेक अकरावीला लातूरला होती, नीटच्या क्लासला. दिवाळीत परभणीला आली ती धड जेवेना, झोपेना. एका रात्री म्हणाली, “आई, आज मला एकटीला झोपू देऊ नको.” मी म्हणाले, घोडी झालीस आता. सकाळी तिच्या वहीत चिठ्ठी सापडली.

मोठे भाऊजी म्हणाले, “कशाला बोभाटा करायलीस? उद्या सोयरीक कोण करील? महाराजांकडं नेऊन आणू.” लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशीही नाही उघडलं, ऑटो बोलावला.

एका सरकारी मेडिकल कॉलेजात पाच दिवस होतो. लेक खाटेवर, मी खाली सतरंजीवर. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ विचारलं, “मरायचे विचार येतात का? काही ठरवलंयस का?” मी भडकले, लेकराच्या डोक्यात नको ते कशाला भरता? त्यांनी मला बाहेर बसवलं. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, हे मला नंतर समजलं. आत लेक पाऊण तास बोलत होती. मी महिनाभर फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘टेस्टला किती पडले’ एवढंच विचारत होते.

पाच दिवसांत दुखणं बरं होत नाही, आणि भरती त्यासाठी नसतेच. लाट ओसरेपर्यंत लेकरू सांभाळायचं, झोप लागू द्यायची, औषध सुरू करायचं, घरच्यांना कामाला लावायचं. आम्हाला सांगितलं, फवारणीचं औषध घरात ठेवू नका, गोळ्या कुलपात ठेवा. लेकीकडून एक कागद लिहून घेतला: बिघडायला लागलं की कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन लावायचा. खरी परीक्षा घरी आल्यावरच असते, दर आठवड्याला फेरी मारावी लागली.

संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत चौकशी करा, आधी जवळचं जिल्हा रुग्णालय गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अठराखालच्यांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायला हवं, घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत, मुलगी असेल तर बाईमाणूस. आम्हाला मोठ्यांच्याच वॉर्डात कोपरा आणि एक पडदा मिळाला. भांडा, मी भांडले नाही.

पोलिसांचं म्हणाल तर नुसतं बोलल्यानं काही होत नाही. प्रयत्न झाला असेल तर दवाखाना कळवतो, जबाब होतो. पण त्याच कायद्याच्या कलम ११५ नं असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरतात, शिक्षेची भीती घालणाऱ्याला हे दाखवा.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक लेकराला भरती लागतेच असंही नाही. आज रात्री काय करू वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक मदतीची फोनसेवा, चोवीस तास, मराठीत बोलतात. काही खाल्लं-प्यालं असेल तर फोनवर बोलत बसू नका, १०८ बोलवा.

राहिलं गावात कळायचं. लेकीच्या कागदावर फोन लावायचं पहिलं नाव माझं नव्हतं, भाऊजींच्या थोरल्या लेकाचं होतं. तो दोनदा रात्री मोटारसायकलवर आला, बापाला ‘मित्राकडं चाललो’ सांगून. भाऊजी इथं वाचत असतील तर आता त्यांनाही कळलं.