एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर पगार कोण देतं?

ताई, नमस्कार.

विट्याहून तुम्ही लिहिलंत: घरी चार यंत्रमाग, लेक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. 'डिग्री आता चार वर्षांची झाली, पण एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं,' असं कानावर आलं आणि घरच्यांनी ठरवलं, वर्ष झालं की नोकरीला लावू. तुम्ही विचारता, शिक्षणातले हे सरकारी बदल मुलांच्या पोटापाण्याला खरंच उपयोगी पडतात का?

आधी एक गैरसमज काढते. चार वर्षं सक्तीची नाहीत. 3 वर्षांत 120 क्रेडिट (प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे श्रेयांक) झाले की पदवी हातात. चौथं वर्ष ऑनर्सचं. ते केलं तर एम.कॉम. वर्षभरात उरकतं. आणि पहिल्या वर्षानंतर नुसतं उठून येता येत नाही. वर्षाची 40 क्रेडिट पूर्ण करून शिवाय उन्हाळ्यात आणखी 4 क्रेडिटचा व्यवसाय-कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. परत यायला 3 वर्षांची मुदत आहे. घरात आजारपण आलं, कर्ता माणूस गेला, अशांसाठी ही सोय. तुमचे माग तर चालू आहेत.

नव्या कागदाची बाजारात ओळख पटायला वेळ लागतो. 1975 साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकदमच बाहेर पडली. माझा थोरला भाऊ त्या दहावीतला. साताऱ्यात एका कचेरीत अर्ज घेऊन गेला, तर कारकुनाने मार्कशीट उलटीसुलटी करून विचारलं, "हे मॅट्रिकच ना रे?" तुमच्या लेकीच्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटकडे उद्या विट्यातला व्यापारी तसाच बघेल.

मग बदलाने पैसा येतो कशातून? इंडोनेशियात 1973 ते 1978 मध्ये 61,000 च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी 2001 मध्ये हिशेब मांडला: दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली, तिथे पुढे त्या मुलांची कमाई 1.5 ते 2.7 टक्क्यांनी वाढली. आकडा छोटा वाटेल, पण शिक्षणाच्या एकेका वाढीव वर्षाचा हिशेब केला तर तो 6.8 ते 10.6 टक्के निघतो. शाळा जवळ आली म्हणून पोरं जास्त वर्षं शिकली, म्हणून कमाई वाढली. लेकीला तुम्ही लवकर काढायला निघालात, म्हणजे नेमकी तीच वर्षं कापताय.

नव्या रचनेत मला मनापासून आवडलेली गोष्ट ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. पण पोरं मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणतात आणि कॉलेज डोळे झाकतं! तुम्ही तसं होऊ देऊ नका. गावातल्या कर सल्लागाराकडे तिला रोज बसवा, जीएसटीची विवरणपत्रं भरू द्या. घरच्या मागांच्या सुताच्या खरेदीची बिलं तर आजपासूनच तिच्याकडे द्या. किती सूत आलं, किती कापड निघालं, कुणाची उधारी थकली, हे टॅलीत तिने स्वतः चढवावं.